राहावयास चांगलें शहर कोणतें?

शहर मोठें कशानें होतें हा प्रश्न भूगोलाच्या पुस्तकांत सुटतो. लोकसंख्या, बंदर, व्यापार व कारखाने यांचे आंकडे मांडले म्हणजे उत्तर पुरें होतें. परंतु शहर राहावयास चांगलें कशानें होतें हा प्रश्न निराळा आहे, आणि अलीकडे तो आमच्या विद्यार्थ्यांच्या घरोघरीं निघत आहे. गिरगांव, लालबाग, परळ येथील जुन्या चाळी एकामागून एक पुनर्विकासास निघाल्या आहेत. कोणाच्या हातीं नव्या घराची किल्ली आली आहे, कोणी भाड्याच्या बिऱ्हाडीं दिवस मोजीत आहे, तर कोणी मिळेल तें मोल घेऊन विरार किंवा बदलापूर गांठावें कीं काय या विचारांत आहे. पालकसभा संपल्यावर कित्येक पालक आम्हांस याविषयीं मत विचारितात. त्यांस जिन्यांत उभ्या उभ्या उत्तर देणें प्रशस्त वाटत नाहीं, म्हणून वार्षिकाचीं हीं पानें आम्हीं मागून घेतलीं आहेत.

परदेशांतील कांहीं संस्था दरवर्षीं जगांतील शहरांची, राहण्याच्या सोयीप्रमाणें क्रम लावून, यादी प्रसिद्ध करितात. तींत व्हिएन्ना, कोपनहेगन, झुरिक हीं नांवें वरच्या अंगास असतात आणि आपली मुंबई पुष्कळ खालीं सांपडते. तें वाचून कांहीं मुलांस राग येतो, कांहींस लाज वाटते. आम्हांस दोन्ही अनाठायीं वाटतात. परमुलखीं बदली होणाऱ्या बड्या पगाराच्या अधिकाऱ्यास किती भत्ता द्यावा हें कंपन्यांना ठरवितां यावें, हा असल्या याद्यांचा एक मुख्य उपयोग आहे. नायगांवच्या पोलीस शिपायाचें किंवा परळच्या परिचारिकेचें शहर त्यांत मोजलेलें नसतें. तथापि व्हिएन्नाचें नांव वर कां, याचा शोध मात्र घेण्याजोगा आहे. तो शोध आपणांस फिरून नायगांवींच आणून सोडतो.

आरंभ पाण्यापासून केला पाहिजे. गिरगांव हा मूळचा वाड्यांचा मुलूख. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी हीं नांवें अजून तेथील झाडांची व मळ्यांची साक्ष देतात. विहिरी व तलाव यांवर तें गांव चालत असे. १८६० त विहार तलावाचें पाणी नळानें शहरांत आलें, १८७९ त तुळशीचें व १८९२ त तानसाचें. इकडे १८५६ त ताडदेवास पहिली कापडगिरणी सुरू झाली होती, आणि पुढील चाळीस वर्षांत कोंकण व देश यांवरून माणसांचा लोंढा येतच राहिला. पाणी आणलें तितक्या तत्परतेनें तें वाहून नेणारीं गटारें झालीं नाहींत. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत माणसें मात्र दाटलीं. १८९६ त मांडवीस प्लेग उद्भवला तेव्हां लोक शहर सोडून पळाले. मग १८९८ त सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानें दाट वस्तींतून रुंद रस्ते काढले आणि उत्तरेस दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर नवी वसाहत आंखली. हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी आणि तेथील तीं पांच उद्यानें हीं त्याच योजनेचीं अपत्यें. आज दादरला जो मोकळा वारा मिळतो तो प्लेगच्या धास्तीनें मिळालेला आहे हें तेथें सायंकाळीं फिरावयास जाणारांपैकीं थोड्यांच्याच ध्यानांत असेल. ज्यांचीं घरें रस्त्यासाठीं पाडलीं गेलीं त्या सर्वांना दादरचें भाडें परवडलें असें मात्र झालें नाहीं.

पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई पराकाष्ठेस पोहोंचली. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दींत १९२० सालीं सरकारनें डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलें; मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गठ्ठ्यावर एक रुपया कर बसविला; आणि वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें दोनशेंवर काँक्रीटच्या चाळी उभ्या केल्या. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारें १६० चौरस फुटांची, आणि संडास मजल्याच्या टोकाशीं सर्वांस मिळून. या त्या बी. डी. डी. चाळी. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या पणजोबांनीं पहिली चूल तेथेंच पेटविली.

नेमक्या त्याच दशकांत व्हिएन्नाच्या नगरपालिकेनें घरांवर चढत्या श्रेणीचा कर बसवून कामगारांसाठीं घरें बांधावयास घेतलीं. मोठ्या हवेलीवाल्यावर कर फार, लहान बिऱ्हाडवाल्यावर नांवापुरता. १९३४ पर्यंत अशीं साठ हजारांवर घरें झालीं. १९३० त खुली झालेली कार्ल मार्क्स होफ ही इमारत तर एक किलोमीटरहूनही लांब आहे. तींतील घरें कांहीं मोठीं नव्हतीं. परंतु नगरपालिकेनें घरांबरोबर धुलाईगृह, स्नानगृह, बालकमंदिर, दवाखाना व वाचनालय हींही बांधलीं, आणि जागेच्या पांचव्या हिश्श्याहूनही कमी भागावर इमारत उठवून बाकीचें अंगण मोकळें ठेविलें. त्या शहरांतील जवळजवळ निम्मे लोक आजही नगरपालिकेच्या किंवा सरकारी साहाय्यानें बांधलेल्या घरांत राहतात. तेव्हां व्हिएन्नाचें यादींतील स्थान हें तेथील राजवाड्यांचें किंवा संगीताचें फळ नव्हे, निदान केवळ त्यांचें नव्हे. आमच्या सरकारनें खोली दिली आणि बाकीचें राहणारांवर सोंपविलें.

आणि राहणारांनीं तें केलें! मुंबईची खरी थोरवी आम्हांस येथें दिसते. एका गांवच्या मंडळींनीं मिळून एक खोली घ्यावी, दिवसपाळीवाला कामास गेला कीं रात्रपाळीवाल्यानें त्याच जागीं वळकटी पसरावी, आणि गांवाहून नवखा पोर आला तर त्याची वळकटीही त्याच भिंतीशीं लागावी, ही गांवकरी मंडळांची रीत कोणत्या खात्यानें शिकविली नव्हती. एकट्या पुरुषांस जेवूं घालणाऱ्या खानावळवाल्या बायांनीं गिरणगांव पोसलें. त्यांनाच एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ त अन्नपूर्णा महिला मंडळ उभें केलें आणि सावकाराच्या व्याजांतून त्यांची मान सोडविली. १८९३ त गिरगांवांत केशवजी नाईक चाळीच्या चौकांत गणेशोत्सव सुरू झाला. १८९८ त मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. १९११ त ना. म. जोशी यांनीं सोशल सर्व्हिस लीग काढून कामगार वस्तींत रात्रशाळा व वाचनालयें चालविलीं. आणि रविवार! आम्हां ख्रिस्ती मंडळींस रविवार आईच्या मांडीवर असल्यापासून परिचित. पण गिरणीकामगारांस तो हक्कानें मिळाला १८९० च्या १० जूनपासून, आणि तो नारायण मेघाजी लोखंडे यांनीं हजारों मजुरांच्या सभा भरवून मिळविला. शहरांत राहणें चांगलें म्हणावयाचें तर जागेइतकीच फुरसतही लागते, ही गोष्ट त्यांनीं आमच्या सर्व नगररचनाकारांच्या आधीं ओळखली होती.

शिवाजी पार्कचा कट्टाही याच जातीचा. १९२५ त माहीम पार्क या नांवानें खुल्या झालेल्या या मैदानास अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें १९२७ त, शिवरायांच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षीं, आजचें नांव मिळालें. आंत क्रिकेट चालतें, बाहेर कट्ट्यावर पेन्शनर, परीक्षार्थी आणि नोकरी सुटलेला माणूस असे तिघेही शेजारीं शेजारीं बसलेले असतात, आणि कोणीही कोणास येथें कां बसलांत असें विचारीत नाहीं. विकत कांहीं न घेतां बसतां येईल अशा जागा या शहरांत आतां किती उरल्या आहेत, हें विद्यार्थ्यांनीं सुटींत मोजून पाहावें.

इतकें लिहिलें म्हणून चाळीच्या नांवानें उमाळे काढणारांत आमची गणना होऊं नये. चाळींतील शेजारधर्माचीं गोड वर्णनें बहुधा चाळ सोडून गेलेले लोक लिहितात, आणि त्यांतही पुरुष अधिक. पहांटे नळावर हंडे घेऊन रांगेंत कोण उभें राहत होतें? आजारी सासऱ्यास मजल्याच्या टोकापर्यंत धरून कोण नेत होतें? नवव्या इयत्तेच्या मुलामुलींस आम्हीं ‘आमचें नवें घर’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. बहुतेक मुलींनीं पहिल्याच परिच्छेदांत घरांतला स्वतंत्र संडास मागितला. सार्वजनिक नळाची आठवण गोड आहे असें एकीनेंही लिहिलें नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांस १६० च्या जागीं ५०० चौरस फुटांचीं घरें मिळालीं, तेव्हां आम्हांस मनापासून आनंद झाला.

दुःख आहे तें निराळ्या गोष्टीचें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले, आणि त्यांतील पुष्कळांस पुन्हां भोंगा ऐकूं आला नाहीं. गिरण्यांच्या जमिनीचें काय करावें यासाठीं १९९१ त नियम झाला: जमिनीचे तीन वांटे करावे, एक शहरास मोकळ्या जागेसाठीं, एक सार्वजनिक घरांसाठीं, एक मालकास. नियम शहाणा होता. २००१ त तो बदलून ही वांटणी केवळ मुळांतच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती केली. ज्यावर इमारती उभ्या होत्या ती जमीन हिशेबांतून गेली. गिरणी म्हणजे बहुतांशीं छपरेंच. मोकळी जमीन तींत कितीशी असावयाची? २००६ त सर्वोच्च न्यायालयानें हा बदल कायम केला. कायद्यापुढें आमची मान लवते, परंतु गणिताचा शिक्षकही आमच्या शाळेंत आहे आणि एकतृतीयांश कशाचा हें त्यास चांगलें कळतें. परळ-लालबागेस दुसरें शिवाजी पार्क मिळण्याची वेळ होती ती अशी गेली. कामगारांच्या वारसांना सोडतींत घरें निघालीं तींही कित्येकांच्या नांवें पनवेलकडे.

याचा परिणाम केवळ मैदान न मिळण्यापुरता राहिला नाहीं. गिरण्यांच्या जागीं कचेऱ्या उठल्या. गिरणीचा मजूर चाळींतून पायीं कामावर जात असे. कचेरीचा कारकून विरारहून किंवा कल्याणहून आगगाडीनें येतो. माणसें आलीं, जिने मात्र जुन्या काळचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं सकाळीं, पाऊस पडत असतां, एल्फिन्स्टन रोड व परळ या स्थानकांस जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें गेलीं. पुढें सैन्याच्या अभियंत्यांनीं कांहीं महिन्यांतच नवा पूल उभारला आणि २०१८ त स्थानकाचें नांव प्रभादेवी झालें. जें काम महिन्यांत होऊं शकत होतें तें वर्षानुवर्षें कां झालें नाहीं, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या तासाला मुलें विचारितात. विचारावा असाच तो प्रश्न आहे.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे. आमचें मत असें कीं ज्यांस राहतां येईल त्यांनीं राहावें. घराचे चौरस फूट मोजतांना घरापासून पायीं काय काय गांठतां येतें तेंही मोजावें. परळींचेंच पाहा. १८९९ पासून तेथें प्लेगची प्रयोगशाळा, जी १९२५ त हाफकिन संस्था झाली. १९२६ त के. ई. एम. रुग्णालय, त्याच सुमारास वाडियांचीं बायकामुलांचीं रुग्णालयें, १९४१ त टाटा स्मारक रुग्णालय. अपरात्रीं मुलाचा श्वास अडला तर दहा मिनिटांत मोठ्या डॉक्टरापर्यंत जातां येणें, याचें मोल विक्रीच्या कागदावर लिहिलेलें नसतें. विरारला ऐसपैस घर मिळेल. पण रोज तीन तास गाडींत गेले तर त्या घरांत राहावयाचें कोणी? बाप रात्रीं येतो तों मुलें निजलेलीं. अर्थात् ज्यांच्यावर कर्ज आहे त्यांस असला उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. नव्या उंच इमारतींतील मासिक देखभालखर्च हा तर दुसरा घरमालकच होय. तो किती येईल हें किल्ली घेण्याआधींच लेखी विचारून घ्यावें. आणि नकाशा दाखविला जाईल तेव्हां गाड्या कोठें राहतील इतकेंच न पाहतां म्हातारीं माणसें कोठें बसतील व मुलें कोठें खेळतील हेंही बायकांनींच पुढें होऊन विचारावें. पुरुष ते विसरतात.

टाटा रुग्णालयाबाहेरील पदपथावर बिहार-बंगालपासून आलेलीं कुटुंबें आजही बिछाने टाकून असतात. एकाचा उपचार आंत चालतो, बाकीचे बाहेर वाट पाहतात. दादर पूर्वेस गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा अशांस अल्प दरांत आसरा देते; पण ती किती जणांस पुरणार? परळच्या नव्या मनोऱ्यांत मोटारगाड्यांसाठीं मजलेच्या मजले राखलेले असतात. त्यांपैकीं एकेक मजला नियमानुसार परवानगी काढून अशा पाहुण्यांच्या निवाऱ्यास द्यावा, ही सूचना आमच्या पालकांपैकीं जे नव्या सोसायट्यांच्या समित्यांवर निवडून आले आहेत त्यांच्यापुढें आम्ही ठेवितों.