संविधान ‘1935 ची नक्कल’ आहे का? आधी 395 वे कलम वाचा

पाचोऱ्यातल्या आमच्या अभ्यासवर्गात गेल्या वेळी अकरावीतल्या एका मुलाने मोबाइल पुढे केला. कुणीतरी पाठवलेला मजकूर होता : भारताचे संविधान म्हणजे इंग्रजांच्या 1935 च्या कायद्याची नक्कल, म्हणून आता देशाला नवे संविधान हवे. “सर, हे खरंय का?” एवढेच त्याने विचारले. आमच्यातल्या दोघा जुन्या कार्यकर्त्यांनी “खोटं आहे, डिलीट कर” म्हणून विषय संपवला. आम्हाला ते पटले नाही. मुलाला उत्तर मिळाले नव्हते, फक्त दटावणी मिळाली होती.

हा मजकूर हवेतून आलेला नाही. ऑगस्ट 2023 मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष बिबेक देबरॉय यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून नव्या संविधानाची मागणी केली होती. सध्याचे संविधान बहुतांशी 1935 च्या कायद्यावर बेतलेले आहे, म्हणून तोही वसाहतीचा वारसा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. परिषदेने हात झटकले, ते मत वैयक्तिक असल्याचे सांगितले. पुढे 2024 च्या निवडणुकीआधी कर्नाटकातले खासदार अनंतकुमार हेगडे संविधान बदलण्यासाठी लागणाऱ्या बहुमताचे गणित सांगत होते. त्यांच्या पक्षानेही हात झटकले. हात झटकले जातात, मजकूर मात्र फिरत राहतो.

म्हणून खरा इतिहास पाहू. 15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्याजवळ आपले संविधान नव्हते. पुढची जवळजवळ अडीच वर्षे स्वतंत्र भारताचा कारभार चालला तो ब्रिटिश संसदेने केलेल्या दोन कायद्यांवर : 1947 चा भारतीय स्वातंत्र्य कायदा आणि डागडुजी करून घेतलेला 1935 चा कायदा. दिल्लीत गव्हर्नर जनरल होते, आधी माउंटबॅटन, मग राजगोपालाचारी. संविधान सभा दोन कामे करत होती. संविधान बनवायला बसली की अध्यक्ष राजेंद्रप्रसाद, कायदेमंडळ म्हणून बसली की सभापती ग. वा. मावळंकर. म्हणजे नव्या राष्ट्राचा पहिला राज्यकारभाराचा आराखडा उसना होता, हे मान्य करायला लाजायचे कारण नाही.

गंमत अशी की, या कायद्याला देशाने नाकारले ते आपल्याच जिल्ह्यात. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. 1935 चा कायदा पूर्णपणे अमान्य, आणि प्रौढ मताधिकाराने निवडलेली संविधान सभा हवी, असा ठराव तिथे झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच काँग्रेसने त्याच कायद्याखाली निवडणुका लढवल्या आणि 1937 मध्ये मंत्रिमंडळेही बनवली. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानेही त्याच निवडणुकीत मुंबई प्रांतात चांगले यश मिळवले. ‘अनुसूचित जाती’ हा शब्दसुद्धा त्याच कायद्यातला. तेव्हा त्या कायद्यातून काहीच आले नाही, असे आपणही म्हणू नये.

पण त्या कायद्यात काय नव्हते? मूलभूत हक्कांचे प्रकरणच नव्हते. मत होते ते मालमत्ता, कर आणि शिक्षण असणाऱ्यांना. अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतिक निवडणुकांचे मतदार साधारण तीन कोटी होते. आपल्या आज्या-पणज्यांपैकी किती जणी त्या यादीत असतील, घरी विचारून पाहा. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार सतरा कोटींवर गेले. आणि ही यादी संविधान लागू झाल्यावर सुरू झाली असे नाही. प्रत्येक प्रौढ माणसाचे नाव धरून याद्या करण्याची तयारी 1948 मध्येच सुरू झाली होती.

1929 मध्ये बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना न्यायला टांगा ठरवला, पण एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेऊन वस्तीतल्याच एकाने हाकला, त्याला सवय नव्हती, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. मुंबई सरकारने नेमलेला माणूस, हाताशी सरकारी काम, तरी ही गत. सहा वर्षांनी आलेल्या 1935 च्या कायद्याने त्या टांगेवाल्याला काहीच सांगितले नाही. संविधानाच्या 17 व्या कलमाने सांगितले. नक्कल म्हणणाऱ्यांनी 1935 च्या कायद्यात 17 वे कलम शोधून दाखवावे.

आता मधला टप्पा, जो आपल्याही सभांमध्ये सांगायचा राहून जातो. 1935 च्या कायद्याच्या जागी आधी वेगळाच आराखडा येऊ घातला होता. मे 1946 च्या कॅबिनेट मिशन योजनेत केंद्राकडे फक्त परराष्ट्र, संरक्षण आणि दळणवळण राहणार होते. 13 डिसेंबर 1946 रोजी नेहरूंनी मांडलेला उद्दिष्टांचा ठराव याच चौकटीत होता, उरलेले अधिकार घटकांकडे. बॅरिस्टर मु. रा. जयकरांनी मुस्लीम लीग येईपर्यंत ठराव पुढे ढकला अशी सूचना मांडली. बाबासाहेबांनी 17 डिसेंबरच्या भाषणात तिला पाठिंबा दिला, पण आपल्याला 1935 च्या कायद्यापेक्षाही मजबूत केंद्र हवे हे स्पष्ट सांगितले. खेड्यातला, तालुक्यातला सत्ताधारी कोण असतो हे त्यांना ठाऊक होते. ठरावात हक्क आहेत, पण हक्क मोडले तर दाद कुठे मागायची ते नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. पुढे 3 जून 1947 ला फाळणीची योजना आली आणि दुबळ्या केंद्राचा आराखडा मागे पडला.

फाळणीत बाबासाहेबांची संविधान सभेतली जागाही गेली, कारण ते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने बंगालमधून निवडून आले होते. मग राजेंद्रप्रसादांनी 30 जून 1947 ला मुंबईच्या बाळासाहेब खेरांना पत्र लिहिले आणि जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर बाबासाहेब मुंबईतून निवडून गेले. 29 ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली.

आराखडा बदलणे ही जगावेगळी गोष्ट नव्हती. अमेरिकेने 1781 चा आपला पहिला सैल आराखडा 1787 मध्ये फिलाडेल्फियात बाजूला ठेवला. तिथे जमलेल्यांना फक्त दुरुस्तीचा अधिकार होता, त्यांनी नवेच संविधान लिहिले. पण त्यांच्या नव्या संविधानात गुलाम माणूस प्रतिनिधित्वाच्या हिशेबात तीन-पंचमांश मोजला गेला. आपल्याकडे पहिल्याच दिवशी प्रत्येक प्रौढाचे मत एक आणि सारखे धरले गेले.

आपला आराखडा बदलला तो शेवटच्या कलमाने. 395 वे कलम सांगते : 1947 चा स्वातंत्र्य कायदा आणि 1935 चा कायदा रद्द. ज्या कायद्याने संविधान सभेला अधिकार दिले, तोच तिने रद्द केला, आणि मसुदा इंग्लंडच्या राजाकडे मंजुरीला पाठवला नाही. नक्कल करणारा मूळ प्रत फाडत नाही.

राहिला प्रश्न उसन्या तरतुदींचा. बाबासाहेबांनी तो 4 नोव्हेंबर 1948 रोजी स्वतःच घेतला. 1935 च्या कायद्यातून घेतले याबद्दल आपण माफी मागत नाही, घटनेच्या कल्पनांवर कुणाची मालकी नसते, असे ते म्हणाले. घेतले गेले ते मुख्यतः प्रशासनाचे तपशील, आणि ते संविधानात का असावेत याचे कारणही त्यांनी दिले : संविधानाचा एक शब्द न बदलता नुसते प्रशासनाचे रूप बदलून संविधान निकामी करता येते.

आम्हाला आजच्या दृष्टीने हे वाक्य ‘चारशे पार’च्या घोषणेपेक्षा महत्त्वाचे वाटते. 1973 च्या केशवानंद भारती निकालानंतर दुरुस्तीच्या वाटेने संविधानाचा गाभा उखडणे संसदेला शक्य नाही. पण तालुक्याच्या टेबलावर ते रोज निकामी करता येते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या 1995 च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायलाच हवी. आपल्या जिल्ह्यात वर्षभरात किती झाल्या, इतिवृत्त कुठे आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? आम्हीही विचारलेले नाही. मोर्चे काढले, तेही काढायलाच हवेत, पण हा कागद मागितला नाही.

पुढच्या वर्गात आम्ही 4 नोव्हेंबर 1948 चे भाषण वाचायला घेत आहोत. पहिली पाच पाने वाचून सांगायचे त्या अकरावीतल्या मुलाने कबूल केले आहे. माहिती अधिकाराचा अर्ज कोण लिहिणार, ते अजून ठरायचे आहे.