ध्येयवाक्य आणि मंत्रालयाचे पत्र

जबलपूरला डुमना विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या नावाची केंद्रीय तंत्रशिक्षण संस्था आहे. २००५ मध्ये जपानच्या सहकार्याने ती सुरू झाली आणि २०१४ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. माहिती तंत्रज्ञानाबरोबर डिझाइन आणि उत्पादन हे शब्द तिच्या नावातच आहेत. म्हणजे ध्येय नावात आले. पण ते कारभारात आले का?

जपानकडून आपण नेमके काय घ्यायला हवे होते, ते सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठाच्या इतिहासात दिसते. १९०७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने संशोधनाला अग्रक्रम, सर्वांना खुले दार आणि व्यवहारोपयोगी विद्येचा आदर ही ध्येये ठेवली. १९१३ मध्ये त्याने तीन स्त्रियांना प्रवेश दिला. देशातल्या कोणत्याही शाही विद्यापीठात असे पूर्वी झाले नव्हते. शिक्षण मंत्रालयाने पत्र पाठवून विचारणा केली, तरीही प्रवेश कायम राहिले. त्यांतल्या कुरोदा चिका १९१६ मध्ये पदवीधर होऊन पुढे नामांकित रसायनशास्त्रज्ञ झाल्या. ज्यांनी सरकारी पत्रव्यवहार पाहिला आहे, त्यांना या घटनेचे मोल सांगायला नको. मंत्रालयाच्या पत्रापुढे जे टिकते, त्यालाच मी ध्येय म्हणेन. बाकीची वाक्ये प्रवेशद्वारावर रंगवण्यापुरती!

तिसऱ्या ध्येयाचेही तसेच. याच विद्यापीठात होंडा कोतारो यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात केएस हे चुंबकीय पोलाद बनवले. पैसा सुमितोमो या उद्योगपती घराण्याचा, आणि पोलादाच्या नावातली अक्षरेही त्या दात्याचीच.

जबलपूरला तर कारखाने दारातच आहेत. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ चा, वाहन निर्माणीही जुनी, शिवाय ओतकामाची फाउंड्री. उत्पादनासाठी निघालेल्या संस्थेला याहून चांगला शेजार कोणता? पण २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रमवारीत अभियांत्रिकी संस्थांसाठी पदवीधरांचा मध्यम पगार हा एक निकष आहे आणि डिझाइनसाठी काढलेली संस्थाही त्याच गजाने मोजली जाते. जबलपूर-इंदूरच्या मराठी पालकांनी पॅकेज विचारले तर मी त्यांना दोष देणार नाही. शासनाने मात्र दुसरे काही विचारायला हवे.

जपानचेही सगळे आदर्श नाही, हे खरे. २००४ मध्ये तेथील राष्ट्रीय विद्यापीठे स्वायत्त निगम झाली आणि पुढे सरकारी अनुदान आटत गेले. तरुण संशोधकांच्या वाट्याला मुदतीच्या नेमणुका आल्या. पण प्रत्येक विद्यापीठाला सहा वर्षांची उद्दिष्टे ठरवून त्यांवर हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडे निदान एवढे करता येईल: जबलपूरच्या या संस्थेकडून दर सहा वर्षांनी फक्त डिझाइन आणि उत्पादनाचा हिशेब मागावा. तिचे किती आराखडे शेजारच्या कारखान्यांत प्रत्यक्ष यंत्रावर चढले? आणि या कामाशी संबंध नसलेली परिपत्रके परत पाठवण्याचा अधिकार संचालकांना लेखी द्यावा.