एआयचं इंग्रजी फाडफाड, पण कांद्याचं उत्तर बरोबर आहे का?

इंग्रजीचा निबंध आता फोनच लिहून देतो. 2025 मध्ये तर हे फुकटात झालं. जुलैत एअरटेलने पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभरासाठी दिलं, ऑक्टोबरअखेर जिओने 18 ते 25 वयाच्या युजर्सपासून सुरुवात करत जेमिनी प्रो दिलं, नोव्हेंबरात चॅटजीपीटी गो आलं. देवळ्यात एफवायला शिकणाऱ्या पोराच्या खिशातही आता इंग्रजीचा मास्तर आहे.

घोळ इथेच होतो. मराठीत कुणी फेकत असेल तर आपण दोन वाक्यांत पकडतो. इंग्रजीत सगळी ताकद अर्थ लावण्यातच जाते, शंका घ्यायला काही उरत नाही. वर व्याकरण चकाचक! मग माहितीही बरोबरच असणार, असं आपण धरून चालतो.

घरचंच उदाहरण घेऊ. समजा विषय आलाय, ‘कांदा निर्यातीवर बंधनं असावीत का?’ चॅटबॉट दहा सेकंदांत महागाई, ग्राहक, समतोल असं सगळं मांडून देईल. आता त्याला तारीख विचारा. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लागलं. डिसेंबरात थेट बंदी. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण 550 डॉलर प्रति टन किमान भाव आणि 40 टक्के शुल्क होतंच. सप्टेंबरात किमान भावाची अट गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही गेलं. मॉडेल जुन्या मजकुरावर शिकलेलं असतं आणि पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधत लिहितं. वेब सर्च बंद असेल तर यातला कुठलाही टप्पा ते ‘सध्याचा नियम’ म्हणून बिनधास्त सांगू शकतं.

दुसरा प्रश्न, हे कुणाच्या बाजूने लिहिलंय? त्यात चाळीत सडणारा उन्हाळ कांदा आहे का? उमराण्याच्या लिलावात ट्रॅक्टर लावून बसलेल्या वडिलांना त्या डिसेंबरात काय भाव मिळाला, हे तुम्ही घरी विचारू शकता. चॅटबॉट नाही विचारू शकत. (कसमादे पट्ट्यातल्या पोरांना कांद्यावर एआयचा निबंध चिकटवावा लागतो, हे जरा अतीच आहे.)

शिक्षकांनीही प्रश्न बदलायला हवा. ‘निबंध लिहा’ म्हटलं की कॉपी-पेस्ट येणारच. त्याऐवजी एआयचाच निबंध वर्गात वाटून ‘यातली एक चूक आणि एक सुटलेली बाजू शोधा, पाच वाक्यांत इंग्रजीत लिहा’ असं सांगून बघा. पाच वाक्यं मोडकी असली तरी चालतील.

आणि तुम्ही आज रात्री एवढं करा: आपलं मत आधी मराठीत किंवा अहिराणीत चार ओळी लिहा, मग इंग्रजीत आणा, आणि एआयला सांगा, ‘फक्त व्याकरण तपास, मुद्दे बदलू नकोस. माझ्या मताविरुद्ध सगळ्यात मजबूत मुद्दा कोणता, तो वेगळा सांग.’