न ऐकू येणाऱ्या आवाजांची नोंद

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत जीवशास्त्राचे काही विद्यार्थी एक आगळी उमेदवारी करतात. दिवस मावळला की तळ्याकाठी उंच खांबावर ध्वनिमुद्रक लावावयाचा, कधी मोटारीच्या टपावर ध्वनिग्राहक बसवून ठरलेल्या रस्त्याने सावकाश फेरी घालावयाची, आणि दिवसा संगणकापुढे बसून रात्रीच्या नोंदी तपासावयाच्या. ही मोजणी वटवाघळांची असते. २००६ साली न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत प्रथम आढळलेल्या बुरशीजन्य रोगाने त्या खंडात लक्षावधी वटवाघळे दगावली. उरली किती, हे अंधारात डोळ्यांनी कळत नाही. ते आवाजावरून ताडावे लागते.

हा आवाज मात्र आपल्याला ऐकू येत नाही. निरोगी तरुण कान सेकंदाला सुमारे वीस ते वीस हजार कंपनांपर्यंतचे ध्वनी टिपतो. कीटक खाणारी बहुतेक वटवाघळे त्याहून उंच पट्टीत साद घालतात व प्रतिध्वनीवरून वाट काढतात. पंचेचाळीस हजार कंपनांची साद दहापट मंद केली की साडेचार हजारांवर येते आणि आपल्याला ऐकू येते. १९३८ साली हार्वर्डमधील डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने वटवाघळे पियर्स या भौतिकशास्त्रज्ञाच्या यंत्रापुढे नेली, तेव्हा हे प्राणी मुके नसून आपलेच कान तोकडे आहेत, हे उमगले.

घरातील वृद्धांच्या बाबतीतही कानाच्या मर्यादेला आपण भलतेच नाव देतो. ‘बाबांचे लक्षच नसते’, ‘आईला हवे तेवढेच ऐकू येते’, असे सहज म्हटले जाते. वास्तविक वयोमानाने येणारा बहिरेपणा उंच पट्टीपासून सुरू होतो. स्वर बहुधा खालच्या पट्टीतले, म्हणून ते पोहोचतात. स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. त्यामुळे बोलण्याचा आवाज येतो, शब्द उलगडत नाही. ‘पाच’ आणि ‘पास’ यांत गल्लत होते. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत झाली, तर औषधाची वेळही चुकू शकते. पुन्हा पुन्हा विचारण्याच्या संकोचाने माणूस हळूहळू गप्प होतो. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, पण उपाय करता येण्याजोग्या चौदा कारणांत लॅन्सेट आयोगाने २०२४ साली श्रवणदोषाचा समावेश केला आहे, हेही लक्षात घ्यावे.

एका रात्रीच्या नोंदीवरून ते विद्यार्थी निष्कर्ष काढीत नाहीत. आपणही पंधरा दिवस एक वही ठेवावी. दाराची घंटा ऐकू आली का, दूरध्वनीवरचे बोलणे कळले का, दूरदर्शन संचाचा आवाज किती वाढवावा लागला, नातवंडाचे बारीक आवाजातले बोलणे समजले का, हे त्यात लिहावे. ती वही घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. कधी कानात साठलेला मळ हेच कारण निघते. तसे नसेल, तर श्रवणचाचणीत कोणती पट्टी किती उणी आहे याचा आलेख मिळतो, आणि श्रवणयंत्र त्यानुसार जुळविता येते. यंत्राची सवय होण्यास काही आठवडे लागतात. प्रथम भांड्यांचा खणखणाटही नकोसा होतो. म्हणून ते पेटीत ठेवून देऊ नये.

तोवर समोर बसून, चेहऱ्यावर उजेड राहील असे, संथ बोलावे. दूरदर्शन संच बंद करावा. ओरडल्याने व्यंजने स्पष्ट होत नाहीत. तेच वाक्य निराळ्या शब्दांत सांगावे. मात्र एका कानाने अचानक ऐकू येणे थांबले, तर वही, पंधरवडा यांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. अशा वेळी उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी श्रवणशक्ती परत मिळण्याची आशा अधिक असते.