उजनीच्या जाळ्यात फक्त चिलापीच का?

रविवारी मासे घेऊन घरी आलो की अम्मीचा प्रश्न ठरलेला: "पुन्हा चिलापीच?" सोलापुरातल्या आमच्या मासेवाल्या चाचांचं उत्तरही ठरलेलं, "सर, उजनीतून दुसरं येतंय कुठं!" वाम, शिंगटा ही नावं आमच्या लहानपणी घरात रोजची होती. परवा सातवीच्या वर्गात विचारलं, तर मुलांची गाडी चिलापी, कटला, रोहूवरच थांबली.

उजनीत मासे संपलेत असं नाही. जाळी भरतात, भिगवणच्या बाजारात माल येतो. कमी झालेत ते माशांचे प्रकार. भरलेलं जाळं बघून धरणाची तब्येत ठीक आहे असं आपण समजतो, तिथंच फसतो.

भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला. या शहरांचं सांडपाणी, त्यातलं बरंचसं प्रक्रिया न होताच, याच वाटेनं खाली येतं. वाहती नदी थोडीफार घाण पचवते. धरणात पाणी थांबतं आणि घाण साचते.

सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळाला आयतं खत. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं खरं, पण रात्री तेच तो ओढून घेतं. मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरलाही संपतो. पहाटेच्या वेळी माशांचा जीव कासावीस होतो तो यामुळे. अशा पाण्यात चिलापी तग धरतो. हा मूळचा आफ्रिकेचा, भारतात १९५२ मध्ये आणलेला. मिळेल ते खातो, आणि मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे तळाशी गाळ साचला तरी पिल्लं वाचतात. स्वच्छ तळ आणि वाहतं पाणी लागणाऱ्या देशी माशांना ही सोय नाही. मरळ मात्र हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून अजून अधूनमधून दिसते.

सगळा दोष सांडपाण्याचाच, असंही म्हणता येणार नाही. धरणाच्या भिंतीनं माशांची वाट अडवली, बारीक जाळ्यांनी पिल्लंही ओढली. पण भिंत हलणार नाही. सांडपाणी थांबवता येतं. पुण्यासाठी ११ शुद्धीकरण केंद्रांचा, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प जपानच्या कर्जातून २०१६ मध्ये मंजूर झाला, आणि मग वर्षानुवर्षं रेंगाळला.

आपण सोलापूरकर ही पुण्याची बातमी म्हणून वाचून सोडून देतो. आपल्या नळाला, कधी तीन तर कधी पाच दिवसांनी, येतं ते उजनीचंच पाणी. मतं मागायला दारात येणाऱ्यांना आपण पाणी कधी येणार एवढंच विचारतो. कसलं येणार, हेही विचारायला हवं. उजनीतल्या ऑक्सिजनचे आकडे दर महिन्याला जाहीर करा, बाजारात उतरणाऱ्या माशांच्या जातींची नोंद ठेवा, ही मागणी काही फार मोठी नाही.

गेल्या आठवड्यात चाचांना एक वाम मिळाली होती म्हणे. ती दुकानात मांडलीच नाही, थेट घरी नेली.