आरसा पुसू नका, प्लीज!

‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण टेलिस्कोपच्या आरशाला अगदी फिट बसते. आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठरला की क्लबमधला एखादा उत्साही वीर नळीत टॉर्च मारतो आणि ओरडतो, ‘‘अरे, केवढी धूळ!’’ लगेच खिशातून रुमाल निघतो. माझं स्पष्ट मत आहे की त्या क्षणी त्याचा हात धरणं हे प्रत्येक मेंबरचं पवित्र कर्तव्य आहे!

कारण सोपं आहे. घरच्या आरशाचा चकाकणारा थर काचेच्या मागे असतो, म्हणून आपण तो बिनधास्त पुसतो. टेलिस्कोपमध्ये अॅल्युमिनियमचा थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो. जाडी साधारण एका मिलिमीटरचा दहा हजारावा भाग! वर असलाच तर एक पातळ संरक्षक लेप. त्यावर कोरडा रुमाल फिरवला की धुळीतले कण सँडपेपरचं काम करतात. धूळ नंतरही धुता येते, ओरखडा मात्र जात नाही. नवा थर द्यायला व्हॅक्यूम चेंबर लागतो, आणि तो काही नाक्यावरच्या काचवाल्याकडे नसतो.

आता थोडं गणित. १५ सेंटीमीटर व्यासाच्या आरशावर दीड सेंटीमीटरचा डाग पडला तर क्षेत्रफळ किती गेलं? फक्त १ टक्का. आरशाचा प्रत्येक भाग संपूर्ण प्रतिमा बनवत असतो, त्यामुळे चित्राला भोक पडत नाही, उजेड किंचित कमी होतो इतकंच. १९७० साली टेक्सासमधल्या मॅकडोनल्ड वेधशाळेत एका कर्मचाऱ्याने २.७ मीटरच्या आरशावर चक्क पिस्तुलाने गोळ्या झाडल्या. खड्डे पडले, पण प्रकाश जेमतेम १ टक्का घटला आणि दुर्बीण काम करत राहिली. उलट १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबलचा आरसा एकदम टकाटक होता. पण कडेला त्याचा आकार सुमारे २ मायक्रॉनने चुकलेला! १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती करेपर्यंत प्रतिमा धूसरच येत होत्या.

म्हणजे आरशाची परीक्षा टॉर्चने होत नाही. तेजस्वी तारा फोकसच्या आत आणि बाहेर नेऊन बघा. दोन्हीकडची वर्तुळं सारखी दिसली तर आकार उत्तम. थर तपासायचा असेल तर आरसा काढून मागे दिवा धरा. भरपूर बारीक छिद्रं चमकली किंवा थर ढगाळ दिसला, तरच काळजी करा.

मग धुवायचाच नाही का? पक्ष्याची विष्ठा, बोटांचे ठसे किंवा पावसाळ्यातली बुरशी असेल तर जरूर धुवा, कारण ती थर खाते. हातातली अंगठी काढा. आधी नुसत्या पाण्याची हलकी धार, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य लिक्विड सोपचे दोन थेंब. कापूस न दाबता, फक्त त्याच्या वजनानेच फिरवा आणि दरवेळी नवीन घ्या. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन आरसा कडेवर तिरका उभा करा. पुसायचं नाही!

खरा प्रॉब्लेम धुळीचा नाहीच. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी सगळं चकाचक करायची आपली शाळेपासूनची सवय आहे. यंत्राला मार्क त्याच्या कामाचे द्यावेत, दिसण्याचे नाही. म्हणून टॉर्च विझवा आणि आयपीसला डोळा लावा. गुरूचे पट्टे स्वच्छ दिसले, तर रुमाल खिशातच राहू दे!