‘रेंज’चे खापर चालकाच्या माथी का?

इलेक्ट्रिक मोटारीची रेंज कमी मिळत असेल तर चालकाने आपल्या सवयी सुधाराव्यात, असा उपदेश करणारा लेख या आठवड्यात वाचला आणि संताप आला. अॅक्सिलरेटर हळू दाबा, एसी बेताने लावा, टायरमधील हवा तपासा! हे सगळे इमानदारीने करणाऱ्यांनाही जाहिरातीतले अंतर गाठता येत नाही. दोष आकड्यातच आहे.

आपल्याकडे प्रमाणित रेंज ठरते ती ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ या चाचणीने. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालते, एसी बंद असतो. शहरी टप्प्यात कमाल वेग ताशी ५० किमी, पुढच्या टप्प्यात ९०. समृद्धी महामार्गावर मोटारींना वेगमर्यादा आहे १२०! हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० वरून १२० वर गेले की तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. सरकारनेच परवानगी दिलेल्या वेगाने जाणारा माणूस बेशिस्त कसा ठरतो?

नेक्सॉन ईव्हीच्या ४५ किलोवॉट-तास बॅटरीच्या मॉडेलची प्रमाणित रेंज ४८९ किमी. तीनचतुर्थांश ग्राहकांना प्रत्यक्षात किती मिळेल, याचा टाटांचा स्वतःचा अंदाज साधारण ३५० ते ३७० किमी. त्यांनी तो जाहीर केला, हे चांगलेच झाले. पण बनवणाराच चौथा हिस्सा वजा करत असेल, तर ४८९ हा आकडा ठळक छापायचा कशासाठी? त्याच्या भरवशावर संभाजीनगरहून नागपूरला एका दमात निघालेल्या कुटुंबाने वाटेत काय करायचे?

डॅशबोर्डवरचा आकडाही असाच फसवा. उरलेली वीज आणि नुकताच झालेला वापर यांवरून बहुतेक गाड्या तो अंदाज बांधतात. शहरात संथ फिरल्यावर तो फुगतो आणि महामार्गावर चढताच कापलेल्या अंतरापेक्षा भराभर घसरतो. हा अंदाज आहे, हे विकताना कोणी सांगत नाही.

अमेरिकेत प्रयोगशाळेतील रेंजला सर्वसाधारणपणे ०.७ ने गुणून मगच ती गाडीच्या लेबलवर छापतात. थंडीत रेंज घटते हे ग्राहकांना नीट सांगितले नाही म्हणून दक्षिण कोरियाने जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाला सुमारे २.८५ अब्ज वोन दंड केला. आपल्याकडे मात्र ग्राहकालाच गाडी चालवायला शिकवले जाते.

आणि चार्जरचे काय? राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. पण टोल वाचवून बंद चार्जरसमोर उभे राहायचे असेल, तर त्या माफीला अर्थ नाही. अॅपवर ‘उपलब्ध’ दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद आणि फोन उचलायला कोणी नाही, हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. रेंजचा आकडा खोटा आणि त्यावर चार्जर बंद, मग लोक पेट्रोलकडेच वळणार.

माझा इलेक्ट्रिक गाडीला विरोध नाही; पुढची गाडीही मी इलेक्ट्रिकच घेईन. म्हणूनच मागणी आहे : ताशी १०० किमी वेगाने, एसी लावून मिळणारी रेंज प्रत्येक जाहिरातीत प्रमाणित आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापणे सक्तीचे करा. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने हे करेपर्यंत चालकांना सवयींचे धडे देणे थांबवावे.

— एक ग्राहक, छत्रपती संभाजीनगर